शांत बसायला जागा कुठेय?

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या एकाने इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणून रजेचा अर्ज टाकला आणि दोन दिवस चहाच्या वेळी दुसरा विषयच नव्हता. सरकारी कर्मचाऱ्याला विपश्यनेसाठी, म्हणजे मौन पाळून ध्यानाला बसायला, रजा मिळते हे बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं, त्यामुळे लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, लोकांची कामं टेबलावर पडलीयत आणि हे डोळे मिटून बसायला पगारी जाणार, हा पळपुटेपणा झाला, संत काय जंगलात गेले होते का. दुसरी म्हणे, अरे आता सायन्सने सिद्ध झालंय, स्ट्रेस कमी होतो, बीपी कमी होतं, परत आला की दुप्पट काम करेल. मी दोन्हीकडचं ऐकलं आणि मला दोन्ही पटलं नाही. पहिल्यांना वाटतं शांत बसणं म्हणजे कामातून सुटका, आणि दुसऱ्यांना वाटतं शांत बसणं म्हणजे फोन चार्जिंगला लावणं. पण ज्याला खरंच शांत बसायचंय त्याने बसायचं कुठे, ती जागा घरापासून किती लांब आहे, तिला दार आहे का आणि त्या दारावर तिकीट आहे का, हे कोणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एकांताची जागा ही पाण्याच्या टाकीसारखी, वाचनालयासारखी सार्वजनिक गरज आहे. ती प्रत्येक तालुक्यात, शहराच्या प्रत्येक भागात, चालत किंवा एका बसने पोचता येईल अशी असायला हवी, फुकट किंवा ज्याला जे जमेल ते देऊन. आणि ही काही परदेशातून आलेली फॅशन नाही, आपल्याकडे ही व्यवस्था होती, आपण ती मोडू दिली.

मी नाशिकची. मुंबई-आग्रा हायवेवरून शहरात येताना त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी दिसतात, शाळेच्या सहलीला सगळेच जाऊन आलेत. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे, क्षत्रप नहपान राजाचा हा जावई, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. लेखात काय लिहिलंय ते वाचून मी थक्क झाले होते. त्याने लेणं तर दान दिलंच, शिवाय ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून ठेवले, गोवर्धनच्या, म्हणजे इथल्याच, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीच काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आता हिशोब करून बघा, २००० चं वर्षाचं व्याज २४०, आणि लेख सांगतो की पावसाळ्यात या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी मिळावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! उरलेल्या हजाराचं व्याज बाकीच्या किरकोळ खर्चाला. आणि हे सगळं कोणासाठी, तर चारी दिशांनी येणाऱ्या संघासाठी, म्हणजे कुठूनही आलेल्या भिक्खूंसाठी. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात एका शांत जागेचा खर्च विणकरांच्या धंद्यातून निघणाऱ्या व्याजावर चालत होता. समाजापासून तुटलेली जागा अशी असते का? बाजार आणि एकांत यांचं नातं तेव्हा इतकं सरळ होतं की विणकराच्या मागाचा खडखडाट आणि डोंगरावरची शांतता एकाच वहीत लिहिलेली होती.

आणि हे एकट्या नाशिकचं नाही. कार्ले, भाजे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर, कान्हेरी सोपारा-कल्याणच्या बंदरांजवळ. व्यापाऱ्यांचे तांडे जिथून जायचे तिथेच या जागा कोरल्या गेल्या. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांत सुतार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा गांधिक आहे, यवन, म्हणजे ग्रीक, आहेत. कान्हेरीला तर शंभराच्या वर लेणी, बसायला दगडी ओटे, बहुतेक लेण्यांजवळ पाण्याची पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं. माणसाने इथे यावं, पावसाळाभर राहावं, पाऊस संपला की पुन्हा वाटेला लागावं एवढा साधा विचार. रिट्रीट शब्द आत्ता आला, गोष्ट जुनीच आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेते, कारण तो खरंच जोरदार आहे. आपल्या वारकरी परंपरेने प्रपंच सोडा असं सांगितलं नाही. अरणच्या सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, तो पंढरपूरलाही गेला नाही असं सांगतात. एकनाथ महाराज पैठणात संसार करून राहिले. मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात की तुम्हाला शांत व्हायला दहा दिवस लांब जावं लागतं? हा प्रश्न ऐकला की मी गप्प होते, कारण त्यात तथ्य आहे. शिबिराला जाऊन आल्यावर घरच्यांशी तुसडेपणाने वागणारी, आपण काहीतरी वेगळे झालो असं समजणारी माणसं मीही बघितलीयत. पण पूर्ण गोष्ट सांगा ना. नाथांनी आधी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहून शूलिभंजनच्या डोंगरावर साधना केली आणि मग पैठणला घर मांडलं, अशी परंपरा आहे. ते जनार्दनस्वामी स्वतः देवगिरीचे किल्लेदार, पूर्णवेळ जबाबदारीचं काम, आणि त्यांच्या साधनेसाठी किल्ल्यावर गुरुवारची सुट्टी असायची असं सांगतात. तुकोबा देहूतच राहिले, बायकामुलांत राहिले, कीर्तनं गावात केली, पण बसायला भामचंद्र आणि भंडारा डोंगरावर जात होते, आणि हे दोन्ही डोंगर देहूहून चालत जाता येईल असे आहेत. संतांचं उदाहरण द्यायचं तर हे अंतर पण द्या. प्रपंच आणि एकांत यांच्यामध्ये त्यांनी एक चालता येणारी वाट ठेवली होती. आपल्याकडे ती वाट कुठेय?

ऑफिसातल्या भांडणाबद्दल पण एक सांगते. इगतपुरीला ही पद्धत आणणाऱ्या सत्यनारायण गोयंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते, देश स्वतंत्र झाल्यावरचे पहिले. म्हणजे आमच्यासारखीच फायलींची नोकरी, फक्त कितीतरी पट मोठी, आणि एकाच वेळी अनेक खात्यांची जबाबदारी. त्यांनी आपल्या ऑफिसातच कर्मचाऱ्यांसाठी ध्यानाची जागा केली आणि १९५२ मध्ये रंगूनला केंद्र काढलं, नोकरी चालू असतानाच. गांधीजी सोमवारी मौन पाळायचे, ऐन राजकारणाच्या धुमाळीत, भेटायला आलेल्यांना चिठ्ठीवर उत्तर द्यायचे. विनोबा १९५१ साली पवनारहून भूदानाला चालत निघाले, वर्षानुवर्षं देशभर चालले आणि शेवटी राहायला पवनारलाच धाम नदीच्या काठी आले. शांत बसणारी माणसं कामचुकार असतात हे कोणत्या अनुभवावरून ठरवलं आपण? पण याच कारणासाठी मला दुसऱ्या पार्टीचं बोलणंही खटकतं. शांत बसल्याने काम दुप्पट होईल म्हणून रजा द्या, हे म्हणजे माणूस हे मशीन आहे आणि त्याला तेल घालायचंय असं म्हणणं. नाही झालं काम दुप्पट तर? बाप गेल्यावर एखाद्याला चार दिवस कोणाशी न बोलता बसावंसं वाटतं, त्यातून कुठलं उत्पादन वाढणार आहे? तरी ते बसणं हवंच असतं.

दुसरा आक्षेप, हा सगळा धंदा आहे. खरंय, पुष्कळ ठिकाणी आहे. लोणावळा, मुळशी, इगतपुरी, डोंगर दिसला की तिथे 'मनःशांती' असा बोर्ड लागतो, तीन दिवसांचं पॅकेज, त्यात मसाज, सूर्यास्त आणि ऑरगॅनिक जेवण, आणि काही ठिकाणचा आकडा असा की शेतमजुराची महिन्याची कमाई त्याला पुरणार नाही. मीच एकदा अशा एका ठिकाणी फोन केला होता. मावशीसाठी विचारत होते, तर समोरच्या मुलीने आधी बजेट विचारलं, मग डबल शेअरिंग की सिंगल ते विचारलं, आणि मी म्हटलं की त्यांना फक्त दोन दिवस शांत बसायचंय तर म्हणाली मॅडम तसं पॅकेज नाहीये. पण यावरून शांत जागाच वाईट असं म्हणणं मला मान्य नाही. खासगी शाळांच्या फी वाढल्या म्हणून आपण शिक्षण नको म्हणतो का, झेडपीची शाळा नीट चालवा म्हणतो. आणि फुकट चालत नाही म्हणणाऱ्यांनी इगतपुरीलाच बघावं. धम्मगिरीला, म्हणजे तिथल्या विपश्यना केंद्रात, १९७६ पासून शिबिरं चालूयत, राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत, देणगी फक्त ज्याने एक तरी शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच घेतात, आणि स्वयंपाकघरात वाढायला, भांड्यांना जुने साधक येतात. पहाटे चारला घंटा, साडेनऊला दिवे बंद, फोन जमा, वही-पेन पण नाही. त्यात कोट्यधीश आणि रिक्षावाला शेजारी शेजारी बसतात. विपश्यनाच करा असं माझं अजिबात म्हणणं नाही, मला स्वतःला ती फार कडक वाटली. पण पैशाचं गणित जमतं हे तिथे दिसतं, आणि उषवदाताच्या ठेवीतही दिसलंच होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि आपले आध्यात्मिक लोक त्याला हसून टाळतात ते चूक आहे. बंद गेट, आत एक गुरू, आणि त्याच्या शब्दापुढे कोणी बोलायचं नाही, अशा जागांमध्ये बायकांचं, मुलींचं, म्हाताऱ्यांच्या जमिनींचं काय झालं हे आपण कोर्टाच्या बातम्यांत वाचलंय, पुन्हा पुन्हा वाचलंय. शिवाय ज्याला आधीच गंभीर मानसिक आजार आहे त्याला दहा दिवस मौनात ठेवणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून तर चांगली केंद्रं फॉर्मवर आजाराची माहिती विचारतात. ज्याला डॉक्टरची गरज आहे त्याला डॉक्टरकडेच न्या, आश्रमात नाही, यावर माझं दुमत नाही. पण मी जवळच्या जागेचा आग्रह धरते तो याच भीतीमुळे. जागा गावातली असली की ट्रस्टी कोण, पैसे कुठून आले, रात्री गेट कधी लागतं हे शेजाऱ्याला माहीत असतं. आत बसलेल्या बाईला संध्याकाळी मुलगा न्यायला येतो. राहायचं नाही, शरण जायचं नाही, कोणाच्या पाया पडायचं नाही, तासभर बसायचं आणि उठून जायचं. जी जागा लांब, आत जायला अवघड आणि बाहेर पडायला त्याहून अवघड, तिथेच माणसाचं शोषण सोपं होतं. दारं उघडी ठेवली की गुरूची गरजच अर्धी कमी होते.

बरं, घरात बसा ना, कशाला हवी वेगळी जागा, असं म्हणणाऱ्यांना मी सातपूर, अंबडच्या बाजूला न्यायला तयार आहे. एका खोलीत पाच माणसं, एकाची एमआयडीसीत रात्रपाळी, तो दिवसा झोपायचा प्रयत्न करतोय, शेजारी टीव्ही, खाली गाड्या, गल्लीच्या तोंडाशी मंडप. त्याला सांगणार का की बाबा पद्मासन घाल? आणि बाईचं तर विचारूच नका. घरातली बाई पंधरा मिनिटं काही न करता बसली की कोणीतरी विचारतंच, बरं नाहीये का गं? मला माझ्या आयुष्यात घरात काही न करता बसलेली आई आठवत नाही. ती देवळात जायची तेव्हा बसायची. देव हे निमित्त होतं की नाही मला माहीत नाही, पण ओवरीत बसलेल्या बाईला कोणी उठवत नाही हे तिला माहीत होतं.

मावशीचं सांगते. काका गेल्यावर ती तिच्या तालुक्याच्या गावी एकटी राहिली, आणि गावातल्या मठात रोज दुपारी जाऊन बसायला लागली. जुना मठ, सागवानी खांब, शेणाने सारवलेलं अंगण, मागे आवळ्याचं झाड. पुजारी दुपारी झोपलेला असायचा. ती तिथे तास-दीड तास बसायची, माळ पण ओढायची नाही. वर्षभराने ती पुन्हा बोलायला लागली, हसायला लागली, आणि तिला विचारलं तर एवढंच म्हणाली, तिथं मला कुणी काही विचारलं नाही गं. मागच्या दिवाळीत तिच्याबरोबर त्या मठात गेले तर जीर्णोद्धार झालेला. चकचकीत टाइल्स, ओवऱ्या पाडून हॉल, हॉल लग्नाला भाड्याने, आणि खांबाखांबावर स्पीकर, ज्यावर सकाळी सहापासून रात्रीपर्यंत नामस्मरणाची एकच ध्वनिफीत फिरते. ट्रस्टींनी हे श्रद्धेनेच केलंय, लोकांच्या देणग्यांतून केलंय, त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण मावशी दहा मिनिटांत उठली. त्या देणग्यांमध्ये तिचेही पैसे होते.

हे गावोगाव चाललंय. आपण देवळं, मठ, विहार, दर्गे मोठे करतोय आणि त्यांच्यातली शांतता संपवतोय. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं की लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. यावर आपल्याकडे लगेच तुमचा भोंगा आधी की आमचा आधी असं भांडण सुरू होतं आणि सगळेच चालू राहतात. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा ठेवतात, मग ज्या वास्तूचं कामच शांत करणं आहे तिच्या आत दुपारी दोन तास तरी माइक बंद ठेवायला काय हरकत आहे? याला पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही, फक्त बटण बंद करावं लागतं.

पण एक कबूल करायलाच हवं, नाहीतर माझा जुन्याचा अभिमान खोटा ठरेल. त्या जुन्या ओवऱ्या सगळ्यांच्या नव्हत्या. याच नाशकात १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. वारीला आलेल्या दलितांना टेकायला छप्पर नव्हतं म्हणून गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली. गाडगेबाबा देवळात शिरत नव्हते, पण धर्मशाळा बांधत होते, नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर, कारण माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते हे त्यांना कळत होतं. म्हणून मी म्हणते की जुनं जसंच्या तसं परत नको. उषवदाताच्या लेखातलं 'चारी दिशांचा' हे मला हवंय, काळारामचं बंद दार नको. जी जागा उभी राहील तिच्यात जात, धर्म, पाळी, कपडे यांच्यावरून कोणाला अडवायचं नाही आणि नास्तिक माणसालाही तिथे अवघड वाटायला नको.

मग सरकारने पैसे द्यायचे का? धर्माला देऊ नयेत, हे म्हणणारे बरोबरच आहेत. पण वाचनालयाचं बघा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, चालवतात गावातलेच लोक, आणि तिथे गीता वाचायची की कुराण की मार्क्स हे सरकार ठरवत नाही. आता नगरपालिका स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका चालवतात, त्यात काय असतं, टेबल, पंखा, दिवा आणि बोलू नका अशी पाटी. तीच खोली, टेबलं काढून सतरंजी टाकली की झालं. समाजमंदिरं आहेत, दिवसभर कुलूप असतं. बुद्ध विहार आहेत, चर्चचे हॉल आहेत, झेडपीच्या पट कमी झाल्याने रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या आहेत. आणि झाडं आहेत, निदान अजून आहेत. सिंहस्थात साधूंच्या राहण्यासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रश्न आला तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यात किती तरी जण असे होते की जे सकाळी तिथे नुसतं बसायला जातात. साधूंची सोय व्हायलाच हवी, त्यात वाद नाही, पण ज्या जागेला तपोवन म्हणतो तिथलं बसायचं झाडच गेलं तर साधूने तरी बसावं कुठे?

ज्याने अर्ज टाकला त्याची रजा मंजूर झाली. तो परत आला तेव्हा मी विचारलं कसं होतं, तर म्हणाला पहिले तीन दिवस पळून जावंसं वाटत होतं, पाय दुखले, चौथ्या दिवशी रडलो, आणि आता पुढचं जमेल तेव्हा, तोपर्यंत घरी बसायला जागा नाही. त्याच्या घरी सहा माणसं आहेत. आम्ही दोघांनी मिळून ऑफिसच्या मागच्या रेकॉर्ड रूमसाठी साहेबांना पत्र दिलंय, दुपारी जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास उघडी ठेवा, फोन बाहेर ठेवून ज्याला बसायचंय त्याने बसावं, शिपाई, बाई, साहेब कोणीही. आणि मावशीच्या मठाच्या ट्रस्टला मी वेगळं पत्र लिहिलंय, दुपारी दोन ते चार स्पीकर बंद ठेवा आणि मागचं दार उघडं ठेवा, आवळ्याच्या झाडाकडचं, ते झाड अजून आहे.